अंदाजक बंद असताना

हे २०३८ सालचं. दसरा होऊन गेला होता आणि दिवाळी तोंडावर आली होती. त्याच वर्षी सांगलीत बिनचालकाच्या बसगाड्या सुरू झाल्या होत्या, आणि लोक सवयीनं मधेच हात दाखवून त्या थांबवायला बघायचे. त्या थांबायच्या नाहीत. मी बहात्तर वर्षांची होते. विश्रामबागेतल्या आमच्या घरात आम्ही दोघंच होतो, मी आणि आमचे हे.

हे म्हणजे जिनपाल मगदूम. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले आणि पुढंही कितीतरी वर्षं जैन समाजाच्या बोर्डिंगचे सचिव. या दिवाळीच्या तीन वर्षं आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. शब्द आत तयार होत होते म्हणे, फक्त तोंडापर्यंत पोचत नव्हते.

अशा माणसांसाठी तेव्हा एक यंत्र निघालं होतं. आपण बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदूचा एक भाग जिभेला, ओठांना, घशाला हुकूम सोडतो. त्या भागावर कवटीखाली केसाएवढ्या तारांची एक जाळी बसवायची आणि हुकूम तिथंच पकडायचे. ते पलंगाशेजारच्या एका पेटीत जातात, पेटी त्यांचे शब्द करते आणि बोलून दाखवते. अडचण अशी की झटका आलेल्या मेंदूचे हुकूम फार क्षीण असतात. दहा शब्द मनात आले तर पेटीला दोन-तीनच पक्के सापडतात. उरलेल्या जागा भरायला पेटीत दुसरा प्रोग्रॅम होता. कंपनी त्याला अंदाजक म्हणायची. सापडलेले दोन-तीन शब्द, आजचा दिवस, समोर कोण उभं आहे आणि हा माणूस पूर्वी कसा बोलायचा, एवढ्यावरून तो अख्खं वाक्य बांधायचा आणि त्याच माणसाच्या आवाजात म्हणायचा.

त्यासाठी त्यांचं जुनं बोलणं हवं होतं. "घरातलं काही रेकॉर्डिंग आहे का?" असं कंपनीच्या लोकांनी विचारलं. ते कुठलं असणार? आमच्या घरात रेकॉर्ड करण्याजोगं हे कधी बोललेच नाहीत. पण बोर्डिंगच्या वार्षिक समारंभाचं आभारप्रदर्शन दरवर्षी यांच्याकडंच असायचं, आणि क्षमावाणीच्या कार्यक्रमातलं भाषणसुद्धा. ते सगळं बोर्डिंगनं जपून ठेवलं होतं, आधी कॅसेटवर, मग सीडीवर, मग फोनमध्ये. मी पिशवी भरून नेऊन दिलं. आवाज स्वच्छ आहे, उच्चार उत्तम आहेत, असं म्हणून ती मंडळी खूश झाली. कुणालाही वाटलं नाही की हा माणूस सभागृहातला आहे, घरातला नव्हे. मलासुद्धा नाही.

पेटी सुरू झाली त्या दिवशी मी यांना चहा पाजला. पेटी म्हणाली, "या सुंदर चहाबद्दल मी सौभाग्यवती त्रिशलाताई मगदूम यांचे मनःपूर्वक आभार मानतो."

मी हसता हसता खाली बसले. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. चहा चांगला झाला असं हे कधी म्हणाले नव्हते. साखर कमी पडली की कप पुढं सरकवायचे, तेवढंच बोलणं.

हळूहळू अंदाजकाला घर कळलं. ताई गेलं, सौभाग्यवती गेलं, नुसतं त्रिशला राहिलं. आभार मात्र राहिले. पाण्याबद्दल आभार, गोळीबद्दल आभार, पडदा ओढल्याबद्दल आभार. सवय लागते हो माणसाला. मी उपम्यात काजू घालायला लागले.

आणि अंदाजकानं आणखी एक केलं होतं. त्यानं अनुजाला घरी आणलं.

अनुजा आमची मुलगी. यांनी समाजातल्या एका मोठ्या घरात तिचं लग्न लावून दिलं होतं. ते तिनं मोडलं आणि लहान मुलीला घेऊन नाशिकला जाऊन नोकरी धरली. बोर्डिंगच्या सचिवाची मुलगी, दिलेलं घर सोडून आली. हे ओरडले नाहीत, काही नाही. त्या दिवसापासून तिचं नाव मात्र या घरात यांच्या तोंडून निघालं नाही. अकरा वर्षं.

आमच्यात दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांना उत्तम क्षमा म्हणतात, वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर माफी मागतात. अनुजा त्या दिवशी मला न चुकता फोन करायची आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बोलायची. २०३६ च्या क्षमावाणीला मी यांच्या खोलीतच कणीक मळत बसले होते. हात पिठाचे, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, "आई, उत्तम क्षमा." आणि पलंगाकडून आवाज आला, "अनुजा, उत्तम क्षमा. इतक्या वर्षांत माझ्याकडून मनानं, वचनानं, कायेनं तुझं मन दुखावलं गेलं असेल. मी अंतःकरणपूर्वक तुझी क्षमा मागतो. तू जे केलंस ते धैर्यानं केलंस."

पलीकडं पोरगी पहिल्याच वाक्याला हुंदके देऊन रडायला लागली होती. त्या दिवाळीला ती ओवीला, म्हणजे माझ्या नातीला, घेऊन आली. पुढच्याही दिवाळीला आली. आता तिसरी दिवाळी येत होती.

तेव्हाच एका सकाळी पेटी बोलेना. दिवा लाल, मधेच हिरवा, परत लाल. मी कंपनीला फोन लावला. तस्नीम तांबोळी म्हणून एक मुलगी होती तिथं, इस्लामपूरची.

"काकू, काल अपडेट गेलंय सगळ्यांना. तुमच्यासारखे अजून फोन आलेत."

"मग मागं घ्या की ते अपडेट."

"घेता येत नाही. सुरक्षेचं आहे, वरनं परवानगी नाही."

"वरनं म्हणजे कुठनं?"

"आता काकू, मला माझ्या वरचे दोघंच माहिती आहेत. त्यांच्या वर कोण बसलंय देव जाणे."

"बरं. आतला पाहुणा पडताना शेवटचं काय लिहून पडतोय, ते दिसतंय का तुला?"

"काकू, तुम्ही आधी काय करत होता?"

"इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजची सर्व्हर रूम बघायची. तीस वर्षं."

"अरे देवा. आणि मी तुम्हाला प्लग काढून परत लावा म्हणून सांगणार होते."

ती सर्व्हर रूम मला अजून स्वप्नात दिसते. दारात चपला काढून आत जायचं. बाहेर सांगलीचा उन्हाळा, आत एसीचा गारवा आणि अंगावर शाल घेतलेली मी. परीक्षांचे निकाल लागायचे दिवस आले की मुलं काचेला नाक लावून आत बघायची. काही बिघडलं की मला लगेच हाक यायची. यांना मी काय काम करते ते शेवटपर्यंत नीट कळलं नव्हतं. विचारलंही नाही त्यांनी.

पेटीच्या आतली रचना सांगते, म्हणजे हा पाहुणा कोण ते समजेल. मेंदूचे हुकूम वाचणारा प्रोग्रॅम एका जुन्या संगणकावर तपासून मंजूर झाला होता. मंजुरी मिळाल्यावर त्याला हात लावायची परवानगी नसते. पण तसले संगणक बनायचे बंद झाले. म्हणून कंपनीनं नव्या पेटीत एक खोटा संगणक तयार केला, अगदी त्या जुन्यासारखा वागणारा, आणि प्रोग्रॅम त्यात ठेवला. बाहेरच्या खऱ्या यंत्राला यजमान म्हणतात, आतल्या खोट्याला पाहुणा. पाहुण्याला माहीतच नसतं की आपण दुसऱ्याच्या घरात आहोत. यजमान दाखवेल ती खिडकी त्याला खरी वाटते. आता यजमानानं अपडेटमध्ये घराच्या वायरी बदलल्या की पाहुणा अंधारात नेहमीच्या जागी बटण चाचपतो, ते सापडत नाही, आणि तो कोसळतो. उठतो, परत तिथंच चाचपतो, परत कोसळतो. तोच तो लाल-हिरवा दिवा.

तस्नीमनं मला आत शिरायचा पासवर्ड दिला. आधी आम्ही पाहुण्याची गेल्या आठवड्यातली जतन केलेली प्रत लावून बघितली. तीही कोसळली. ते बरोबरच होतं, कारण पाहुण्याचा काही दोषच नव्हता. मग मी माझ्या जुन्या पद्धतीनं गेले. एका वेळी एकच गोष्ट काढायची आणि काय होतं ते बघायचं. आवाजाची जोडणी काढली, कोसळला. ती परत लावून कॅमेरा काढला, कोसळला. नेट काढलं, तरी तेच. शेवटी मोठी गणितं भराभर करणारं कार्ड होतं, त्याची जोडणी तोडली. दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला.

"सापडलं काकू," तस्नीम म्हणाली. "कार्डाचंच आहे. दुरुस्ती करून पाठवायला आम्हाला काही दिवस लागतील. तोवर असंच चालवा. पण अंदाजक कार्डावर चालतो, तो बंद राहील. जे शब्द पक्के सापडतील तेवढेच बोलेल. आणि आवाज काकांचा नसेल, त्यालाही कार्ड लागतं."

"मग कुणाचा?"

"पेटीचा मूळचा. बाईचा आहे. तुम्ही हसू नका हं काकांसमोर."

मी चहा घेऊन गेले. पाजला. वाट बघत बसले. बऱ्याच वेळानं, बातम्या देणाऱ्या मुलींचा असतो तसला एक स्वच्छ कोवळा आवाज म्हणाला, "साखर."

चाखून बघितला. साखर खरंच कमी होती. चमचाभर घातली, उरलेला चहा पाजला. त्यावर काही नाही. तस्नीमनं सांगूनही मला हसू आलं. माझा नवरा परत आला होता, दुसऱ्याच कुणाच्या आवाजात.

पुढचे काही दिवस घर पूर्वी होतं तसं झालं. "पंखा." "नको." "पाठ." एका शब्दानंतर दुसरा यायला इतका वेळ जायचा की मी मधे भाजी निवडून यायची. एकेका शब्दामागं घाम फुटेस्तोवर मेहनत असायची, ते कपाळावर दिसायचं. अंदाजक होता तेव्हा यांना काही करावंच लागत नसे, हे मला तेव्हा कळलं. एखादा शब्द मनात हलला की तो पुढचं सगळं धावत जाऊन बोलायचा. मी मात्र गोळी दिली, पांघरूण नीट केलं, की उगाच पेटीशेजारी रेंगाळायची. दोन वर्षांच्या आभारांची सवय. ते येत नव्हते, आणि आधीची चव्वेचाळीस वर्षं त्यांच्यावाचून कशी काढली ते आता आठवेना.

अनुजाचा फोन आला. "अण्णांना दे की."

"पेटी बिघडलीय गं. दुरुस्ती यायचीय."

"मी येईपर्यंत होईल ना? ओवीनं आजोबांवर निबंध लिहिलाय. त्यांना वाचून दाखवायचाय तिला. आणि आई, मी त्यांना एक विचारणार आहे. नाशिकला मी घर घेतेय ना, त्याच्या दारावर अनुजा जिनपाल मगदूम लिहू का म्हणून. आपलं नाव लावू का परत."

फोन ठेवल्यावर मला बसवेना. दुरुस्ती वेळेत आली नाही तर यांचं उत्तर यांनाच द्यावं लागणार होतं. अंदाजकानं दिलं असतं तर ते कसं आलं असतं ते मी घरबसल्या सांगू शकत होते. यांचं काय येईल ते मला माहीत नव्हतं. आणि त्या क्षमावाणीचं तरी काय होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं अंग पुसून झाल्यावर मी खुर्ची ओढून बसले.

"अहो, अनुजा येणार दिवाळीला. त्या दिवशी तुम्ही तिची क्षमा मागितलीत. ते तुमचं होतं की याचं?" मी पेटीकडं बोट केलं.

हे खिडकीकडं बघत राहिले. पलंगावरचं ऊन सरकून कपाटावर गेलं.

"नाव," पेटी म्हणाली.

"कसलं नाव?"

"तिचं... मी."

"तिचं नाव तुम्ही घेतलंत. आणि पुढचं?"

"त्यानं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावला. दोन दिवाळ्या पोरगी याच पलंगाशी बसून यांचे पाय दाबत होती. कशाच्या जिवावर? बोर्डिंगच्या कॅसेटमधल्या भाषणाच्या. मी पळी हातात घेऊनच परत आले.

एक सांगायचं राहिलं. यांच्या डाव्या हातात रबराचा एक चेंडू असायचा. पेटी भलतंच बोलायला लागली की तो दाबायचा, लगेच ती गप्प होते. डाव्या हातात जोर चांगला होता आणि हे तो चेंडू मनसोक्त वापरायचे. एकदा अंदाजक केबलवाल्याचे आभार मानायला निघाला तेव्हा यांनी पहिल्याच शब्दाला दाबला. माझ्या भावाची स्तुती तर त्यांनी एकदाही पुरी होऊ दिली नाही.

"चेंडू हातात होता की तुमच्या," मी म्हटलं. "एवढं लांबलचक बोलत होता तो. दाबला का नाहीत?"

यांनी डोळे मिटले. झोपले असं वाटलं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मी जाऊन गॅस बंद केला, परत येऊन बसले. कपाळावर घाम आला होता, तो पुसला.

"ती," पेटी म्हणाली.

मी थांबले.

"रडत."

यांचा घसा हलत होता, आवाज नसलेला.

"होती."

मी पळी खाली ठेवली. मग मी विचारलं, "आता तिला तुम्ही तुमच्या शब्दांत सांगाल? एवढंच सांगितलंत तरी चालेल तिला."

"जमत... नाही."

"आत्ता सांगितलंत की मला."

"तुला."

दुपारी तस्नीमचा फोन आला. दुरुस्ती तयार होती. "लावा काकू, काका परत घडाघडा बोलतील," ती म्हणाली. मी तिला थांब म्हटलं आणि खोलीत आले.

"लावू का हो ते? मला नाही लावलं तरी चालेल. असेच बरे आहात." हे म्हणेपर्यंत मला माहीत नव्हतं की मी असं म्हणणार आहे.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. यांची नजर फार वेळ माझ्यावर टिकायची नाही कधी. त्या दिवशी टिकली.

"लाव," पेटी म्हणाली. आणि मी दारापर्यंत गेल्यावर, "तिला."

मी दुरुस्ती चढवली, कार्ड जोडलं. पाहुणा उठला, चाचपला, त्याला बटण सापडलं. यांच्या खणखणीत आवाजात पेटी म्हणाली, "या दुरुस्तीबद्दल मी त्रिशलाचे आणि कंपनीच्या तज्ज्ञांचे मनापासून..." आणि तिथंच तुटली. यांनी चेंडू दाबला होता.

दिवाळीला अनुजा आली. महावीरांच्या निर्वाणाचा लाडू चढवून आम्ही मंदिरातून आलो, ओवीनं निबंध वाचला. अंदाजकानं तिच्या भाषाशैलीचं कौतुक केलं. मग अनुजानं दारावरच्या नावाचं विचारलं. मी यांच्या डाव्या हाताकडं बघत होते. "अनुजा, ते नाव तुझंच आहे. तू ते लावलंस तर मी स्वतःला धन्य समजेन," असं पेटी म्हणाली. आणखीही बरंच म्हणाली. धन्य हा शब्द आला तेव्हा हाताची बोटं चेंडूवर जराशी वळली. मग त्यांनी हात उघडला. चेंडू घरंगळून चादरीवर गेला आणि ते तो उचलायला गेले नाहीत.

ती गेल्यावर मी न विचारता कार्ड काढलं. हेही काही म्हणाले नाहीत. पुढं तशीच रीत पडली. अनुजाला मी सांगून ठेवलं की आधी एक मिस्ड कॉल दे, अण्णांना उठवून बसवायला वेळ लागतो. तेवढ्यात मी कार्ड जोडायची. तिचं बोलणं झालं की काढायची. एरवी घरात दिवसाकाठी दहा-बारा शब्द व्हायचे. सूर्य मावळायच्या आत जेवायचो, मग दिवे लावून मी त्यांच्याजवळ बसायची. तेव्हाही एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण त्या एकटेपणात दुसऱ्या कुणाचा आवाज नव्हता.

हे २०४० च्या जानेवारीत गेले. झोपेतच. आदल्या दिवशीचा त्यांचा शेवटचा शब्द "पांघरूण" होता.

ती कंपनी पुढं दुसऱ्या कंपनीनं घेतली. नव्या पेट्यांमध्ये माणसाचे शब्द कोणते आणि अंदाजकाचे कोणते हे वेगळ्या आवाजात ऐकू येतं म्हणे. लोकांना ते आवडत नाही, बहुतेकजण ती सोय बंद करून ठेवतात. तस्नीमनं नोकरी सोडली. कोल्हापुरात तिचं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान आहे, असल्याच जुन्या पाहुण्यांना जगवण्याचं. ईदला येते, माझ्यासाठी बिनअंड्याचा केक घेऊन. ओवी भूगोलच शिकते आहे. माझे गुडघे गेले, नजर ठीक आहे. घरात आता कुणी साखर कमी म्हणत नाही, आभारही मानत नाही.

पेटी अनुजानं मागितली, तिला दिली. तिच्या दारावर तिचं पूर्ण नाव आहे, मी बघून आले. हे गेल्याच्या पुढच्या क्षमावाणीला तिनं फोन केला, आणि मी तिला सगळं सांगितलं. कार्डाचं, चेंडूचं, तिच्या नावाचं. "त्या दिवशी ते फक्त अनुजा म्हणाले गं, आणि मग थांबवलं नाही."

ती म्हणाली, "अण्णा 'ती रडत होती' म्हणाले, ते रेकॉर्ड आहे का?"

"नाही. कार्ड काढलं की पेटी काही साठवत नाही."

"मग तू म्हण."

"अगं, ते पेटीतल्या बाईच्या आवाजात होतं."

"तू पण बाईच आहेस की. म्हण ना. तसंच म्हण, जसं आलं तसं."

मी म्हणून दाखवलं. ती अजून फोन करते, आणि बोलता बोलता मधेच म्हणते, आई, म्हण ना. मी 'ती' म्हणते. थांबते. तिचा श्वास ऐकू येतो. मग पुढचा शब्द म्हणते.